कांजिण्यांनंतर शाळेत कधी पाठवावे: आमचे तीन आठवडे

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात आमच्या थोरल्या मुलीला कांजिण्या आल्या आणि ती शाळेत परत जाते न जाते तोच धाकट्यालाही आल्या. आजाराचा त्रास तसा फार झाला नाही. ताप तीन दिवसांत उतरला आणि औषधेही मोजकीच लागली. आम्हाला दमवले ते एकाच प्रश्नाने, की मुलीला शाळेत परत कधी पाठवायचे. डॉक्टरांचे म्हणणे एक होते, शाळेच्या कार्यालयाचा नियम दुसराच होता, सासूबाईंची रीत तिसरी होती आणि मुलगी स्वतः रोज सकाळी दप्तर भरून दारात उभी राहत होती. त्या दिवसांत मी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर रोजची नोंद करत होते, तीच समोर ठेवून हे लिहीत आहे. ज्यांच्या घरी आज पहिली पुटकुळी उठली असेल, त्यांना पुढचे दिवस कसे जातात याचा काही अंदाज यावा, एवढाच हेतू आहे.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी नवी पेठेतील एका पतसंस्थेत नोकरी करते आणि माझे पती अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात. मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि मुलगा त्याच शाळेच्या बालवाडीत, छोट्या गटात होता.

सोमवारी, १० फेब्रुवारीला, मुलगी शाळेतून आली ती डबा तसाच परत घेऊन. अंग थोडे कोमट लागत होते आणि थर्मामीटर ९९.६ दाखवत होता. शिवजयंतीच्या कार्यक्रमासाठी शाळेत लेझीमचा सराव चालू होता. उन्हात नाचून दमली असेल असे समजून मी तिला लवकर झोपवले. पुढे हाच सोमवार मला सर्वांत जास्त सलत राहिला, कारण अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्यांची लागण दुसऱ्याला होऊ शकते. म्हणजे त्या दिवशी ती वर्गात मैत्रिणींच्या शेजारी बसली, तेव्हाच आजार तिच्याबरोबर वर्गात शिरला होता. हे आधी कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, असे डॉक्टरांनी नंतर दोनदा सांगितले, तरीही ते मनातून गेले नाही.

मंगळवारी सकाळी आंघोळ घालताना पोटावर आणि पाठीवर सात-आठ लाल ठिपके दिसले. ताप १००.८ होता. डास चावले असावेत असे आधी वाटले, पण दुपारपर्यंत त्यांतील काहींमध्ये पाणी भरून आले आणि मानेवर व केसांच्या मुळाशी नवे ठिपके उठू लागले. दवाखान्यात नेण्यापूर्वी आम्ही फोन करून कांजिण्यांची शंका असल्याचे सांगितले, हे बरे झाले. तेथील बाईंनी आम्हाला आत बसू दिले नाही. रिक्षातच थांबायला सांगून सर्व रुग्ण संपल्यावर बोलावले. सव्वा तास बाहेर थांबावे लागले, पण प्रतीक्षाकक्षात त्या वेळी दोन तान्ही बाळे होती, हे आत गेल्यावर कळले. पुरळ आणि ताप एकत्र असेल तर आधी फोन करावा, ही त्या दिवशी मिळालेली पहिली शिकवण.

डॉक्टरांनी पाहताक्षणी कांजिण्या असल्याचे सांगितले आणि लसीकरणाचे कार्ड मागितले. कार्डावर पहिल्या मात्रेची नोंद फेब्रुवारी २०१८ ची, म्हणजे ती पंधरा महिन्यांची असतानाची होती. दुसरी मात्रा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यायची होती. ती वेळ आली तेव्हा २०२० ची टाळेबंदी होती आणि नंतर ती आमच्या लक्षातूनच गेली. ही लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे शाळेतून किंवा आरोग्य केंद्रातून कोणी आठवणही करून देत नाही. एक मात्रा घेतलेल्या मुलांनाही कधी कधी कांजिण्या येतात, परंतु बहुधा सौम्य येतात. मुलीच्या अंगावर सर्व मिळून साठ-सत्तर ठिपके उठले. माझ्या लहानपणी मला आल्या तेव्हा बोट टेकवायला जागा नव्हती, असे आई सांगते.

तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, खाजेसाठी एक सिरप आणि लावायला कॅलामाइन, एवढीच औषधे दिली. अॅस्पिरिन चुकूनही द्यायचे नाही, कारण कांजिण्यांमध्ये ते दिल्यास मुलांना यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होण्याचा धोका असतो. आयबुप्रोफेनही टाळायचे, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. आमच्या घरी तापाच्या दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, म्हणून त्या रात्री मी एक बाटली उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

निघताना मी विचारले, "शाळेत कधी पाठवू?" मला आठ दिवस, दहा दिवस असे उत्तर अपेक्षित होते. डॉक्टर म्हणाले, "ताई, दिवस मोजू नका, फोड बघा. सगळे फोड वाळून त्यांवर खपली धरली, की मुलगी कोणाला आजार देत नाही. साधारण पाच ते सात दिवस लागतात, पण कोणाला जास्तही लागतात. शेवटचा फोड ओला आहे तोवर घरी." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी लस घेतलेल्या मुलांच्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. अशा मुलांचे काही ठिपके पाण्याने भरतच नाहीत, त्यामुळे त्यांवर खपलीही येत नाही. तेव्हा चोवीस तासांत एकही नवा ठिपका उठलेला नसणे, ही तेथे खूण धरायची.

प्रत्येक आजाराचे वेळापत्रक वेगळे असते, हेही त्यांनी ओघात समजावले. गोवरात पुरळ उठल्यानंतर चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यानंतर पाच दिवस मुलाला घरी ठेवतात. डेंग्यू तर शेजारी बसल्याने होतच नाही, तो डासामुळे होतो, त्यामुळे तेथे फक्त मुलाची ताकद भरून आली का एवढेच पाहायचे असते. हे ऐकताना मला मुलीच्या वर्गातील एक मुलगा आठवला. आदल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता आणि तो पूर्ण बरा झाल्यावरही इतरांना लागण होईल या भीतीने आठवडाभर घरीच होता. तेव्हा आम्हा कोणाही पालकाला त्यात काही चुकीचे वाटले नव्हते.

घरी पोहोचल्याबरोबर मी वर्गशिक्षिकेला फोन केला, आणि या सर्व प्रकारात वेळेवर केलेली कोणती गोष्ट असेल तर ती हीच, असे मला आजही वाटते. बाईंना पाचवा महिना चालू होता. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होण्यापर्यंत त्रास वाढू शकतो आणि पहिल्या काही महिन्यांत बाळालाही धोका असतो, हे डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी अडखळतच बोलले. बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मला लहानपणी येऊन गेल्यात, असं आई म्हणते, पण मी उद्याच दाखवून घेते." त्यांनी दुसऱ्या दिवशी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केली, त्यांत पूर्वी आजार होऊन गेल्याचे दिसले आणि त्या निश्चिंत झाल्या. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी मात्र निश्चिंत नव्हते. अशा वेळी गरोदर बाईला जितक्या लवकर कळेल तितके तिच्या डॉक्टरांच्या हाती अधिक उपाय राहतात, म्हणून उद्या कळवू, दाखला नेऊ तेव्हा सांगू, असे कोणी म्हणू नये. वर्गात औषधोपचारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले एखादे मूल असेल तर त्याच्या घरीही हे तितक्याच तातडीने पोहोचायला हवे, आणि ते कोणाच्या घरी पोहोचवायचे हे शाळेलाच ठाऊक असते.

बुधवारी, १२ तारखेला, आम्ही धाकट्याला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. त्याचीही एकच मात्रा झाली होती. घरात लागण झाल्यावर पहिल्या तीन ते पाच दिवसांत लस दिली, तर आजार टळण्याची किंवा निदान हलका होण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांनी त्याला दुसरी मात्रा त्याच दिवशी दिली. लशीचे २,२५० रुपये झाले. आदल्या दिवशीची तपासणी ४०० रुपयांची आणि औषधे ३६५ रुपयांची होती. मुलीला आता दुसऱ्या मात्रेची गरज उरली नाही, कारण आजारच होऊन गेला.

घरातले दिवस लवकर गेले असे म्हणवत नाही, पण त्यांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. नखे अगदी बारीक कापली, रात्री हातांत सुती मोजे घातले, मऊ भात, ताक आणि मुगाचे वरण चालू ठेवले. आमच्याकडे तेव्हा पाणी चार दिवसांआड येत होते, त्यामुळे रोज चादर आणि टॉवेल धुण्याचा बेत पहिल्याच दिवशी सोडावा लागला. त्याऐवजी तिच्यासाठी चार जुने सुती टॉवेल वेगळे काढून उशीवर रोज एक नवा अंथरला आणि पाणी आले त्या दिवशी सर्व एकदम धुतले.

सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी अंथरुणावर कडुनिंबाचा पाला टाकला आणि घरात फोडणी घालायची नाही असे सांगितले. त्यांच्या लेखी देवी घरी आली होती. शेजारच्या काकूंचे माहेर पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीतले. त्यांनी दारातूनच हात जोडले आणि "अम्मवारु (तेलुगूत देवी) आहे, नीट सांभाळा" असे सांगून गेल्या. फोडणीवाचून आमचे काही अडले नाही आणि पाल्यानेही काही बिघडले नाही. प्रश्न आला तो आंघोळीचा. डॉक्टरांनी कोमट पाण्याने अंघोळ घालायला सांगितली होती, खाज कमी होते आणि फोडांत जंतू शिरत नाहीत म्हणून. सासूबाईंच्या रीतीप्रमाणे देवी उतरेपर्यंत अंगावर पाणी घालायचे नव्हते. शेवटी कडुनिंबाचा पाला घालून उकळलेले पाणी कोमट करून त्याने अंग टिपून घ्यायचे, यावर दोघींचे जमले, आणि डॉक्टरांनीही त्याला हरकत घेतली नाही.

या रीतीतली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. सासूबाई म्हणत होत्या, की डोक्यावरून पाणी पडेपर्यंत पोरगी उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि डोक्यावरून पाणी कधी घालायचे, तर "खपल्या धरल्यावर". म्हणजे ज्या खुणेपाशी डॉक्टर थांबले होते, त्याच खुणेपाशी त्याही थांबल्या होत्या. मी मात्र चार दिवस दोघांमध्ये निवड करायची आहे असे समजून उगीच ताण घेतला.

शुक्रवारी, १४ तारखेला, शेवटचे नवे ठिपके उठले. शनिवारी एकही नवा नव्हता आणि ताप गुरुवारीच गेला होता. रविवारी मुलगी घरभर लेझीमच्या पावल्या टाकत फिरत होती. बुधवारी, १९ तारखेला, शिवजयंती होती आणि तिचे नाव लेझीमच्या पहिल्या रांगेत होते. नऊवारी शिवून आली होती. सोमवारी सराव बुडला तर रांगेतील जागा जाईल, असे तिने मला किमान दहा वेळा सांगितले.

सोमवारी सकाळी ती खरोखर बरी दिसत होती. तोंडावरचे फोड वाळून काळपट झाले होते. ताप नाही, खाज नाही, भूक लागत होती. बरी दिसते, खेळते, मग पाठवायला काय हरकत आहे, असे माझ्या पतींनाही वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले, कारण पतसंस्थेत मार्चअखेरच्या वसुलीचे दिवस होते आणि माझ्या चार रजा आधीच संपल्या होत्या. तरी दप्तर हातात देण्याआधी मी तिला गच्चीत उन्हात बसवले आणि केसांचे भांग पाडत पूर्ण डोके पाहिले. कानामागे एक आणि टाळूवर तीन फोड अजून ओले होते. त्यांतला एक तर पाण्याने टचटचीत भरलेला होता. मग पायांची बोटे उघडून पाहिली, तर डाव्या पायाच्या करंगळीपाशी आणखी एक होता. घरातील ट्यूबलाइटखाली यांतला एकही दिसला नव्हता. दप्तर पुन्हा खुंटीला लावले. ती रडली नाही. तोंड भिंतीकडे करून झोपली, आणि ते रडण्यापेक्षा जड गेले.

मंगळवारी संध्याकाळी फेरतपासणीला गेलो, तेव्हा मला आशा होती. पायाचा फोड वाळला होता, टाळूवरचे दोन वाळले होते. डॉक्टरांनी केस बाजूला करून उरलेला एक दाखवला आणि मुलीलाच विचारले, "हा ओला आहे की सुका?" तिने आरशातून पाहिले आणि हळूच "ओला" म्हणाली. "मग उद्या?" "उद्या नाही," असे तीच म्हणाली. हा निर्णय तिच्या तोंडून वदवून घेतल्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. तपासणीचे २०० रुपये झाले.

एका फोडाने काय होणार, हा विचार त्या रात्री माझ्या मनात आला नाही असे नाही. लेझीमच्या रांगेत साठ मुली, कार्यक्रमाला त्यांची आजी-आजोबा आणि कडेवरची भावंडे. हे सर्व डोळ्यांपुढे आणले आणि नऊवारी पुन्हा पिशवीत घातली. बुधवारी सकाळी आमच्या रस्त्यावरून मिरवणुकीची हलगी वाजत गेली तेव्हा ती गच्चीत उभी राहून एकटीच पावल्या टाकत होती.

गुरुवारी, २० तारखेला, सकाळच्या उन्हात डोके, कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि तळपाय असे सर्व पाहिले. एकही ओला फोड नव्हता. सासूबाईंनी दह्याचे बोट लावून डोक्यावरून पाणी घातले, गोड भाताचा नैवेद्य झाला आणि दुपारी आम्ही दाखल्यासाठी गेलो.

दाखल्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमचा पहिला दाखला परत आला. त्यावर केवळ "शाळेत जाण्यास तंदुरुस्त" असे होते. शुक्रवारी तो घेऊन मी कार्यालयात गेले, तेव्हा लिपिकांनी शाळेच्या दैनंदिनीतील नियमावर बोट ठेवले: संसर्गजन्य आजारात पंधरा दिवस शाळेत येऊ नये. त्यांच्या हिशेबाने ती २६ तारखेपर्यंत येऊ शकत नव्हती. "शिवाय तोंडावर डाग दिसतात," असेही ते म्हणाले. मी वाद घातला नाही. तेथूनच डॉक्टरांना फोन केला आणि दुपारी दुसरा दाखला आणला. त्यावर आजाराचे नाव, पुरळ उठल्याची तारीख, तपासणीची तारीख आणि पुढील मजकूर होता: सर्व फोड वाळून खपल्या धरल्या आहेत, नवे पुरळ नाही, आता इतरांना संसर्ग होण्याची शक्यता नाही, खपल्या व डाग काही आठवडे राहू शकतात परंतु त्यांपासून लागण होत नाही. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक होता. त्यासोबत मी मुख्याध्यापिकांच्या नावे चार ओळींचा अर्ज जोडला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतला. पन्नास मिनिटे बाकावर बसल्यावर भेट झाली.

मुख्याध्यापिकांनी दाखला दोनदा वाचला. पंधरा दिवसांचा नियम का केला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले: काही पालक ताप असतानाच औषध देऊन मुलांना पाठवतात, आणि प्रत्येक आजाराचा वेगळा हिशेब कार्यालयात कोण ठेवणार. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु एकच नियम सर्वांना लावला की ज्याला चार दिवस पुरतात त्याची शाळा बुडते, आणि ज्याचे फोड सोळाव्या दिवशीही ओले आहेत त्याला नियमाने दार उघडे राहते, हे मी त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी परवानगी दिली, पण आठवडाभर मुलीने मागच्या बाकावर वेगळे बसावे अशी अट घातली. परवानगी मिळाल्याच्या आनंदात मी हो म्हटले. ते म्हणायला नको होते.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, म्हणून पहिला दिवस तोच निवडला, आणि हे सर्वांना सुचवावेसे वाटते. आजारातून उठलेले मूल चार तासांतच किती दमते ते घरी कळत नाही. मुलगी घरी आली आणि दुपारी साडेबारा ते चार झोपली. उठल्यावर म्हणाली, "आई, माझ्याजवळ कोणी बसलं नाही. मी अजून आजारी आहे का?" दाखला हातात असूनही तिला वेगळे बसवण्याला मीच संमती दिली होती, त्यामुळे उत्तर देताना माझाच आवाज बसला. सोमवारी सकाळी मी दाखल्याची प्रत घेऊन वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांनी प्रत पाहिली, स्वतः मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला तिच्या जुन्या बाकावर नेऊन बसवले, आणि वर्गाला कांजिण्यांविषयी पाच मिनिटे समजावून सांगितले. पाचवा महिना चालू असलेल्या बाईंचा तो हात खांद्यावर पाहिल्यावर मुलांना आणखी काही सांगावे लागले नसेल.

या सगळ्यात धाकटा रोज बालवाडीत जातच होता, आणि त्याचा निर्णय मला थोरलीच्या निर्णयापेक्षा अवघड गेला. तिचा आजार डोळ्यांना दिसत होता. तो मात्र हसता-खेळता होता. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जाऊ शकतात. एवढे दिवस एका निरोगी मुलाला घरी बसवायचे का? डॉक्टरांचे मत होते, की लक्षणे नसलेल्या भावंडाला घरी ठेवण्याची गरज नाही, मात्र शाळेला सांगून ठेवावे आणि रोज सकाळी अंग पाहून, ताप मोजून मगच पाठवावे. बालवाडीच्या ताईंना मी ११ तारखेलाच सांगितले होते. त्यांनी दुपारच्या खाऊच्या वेळी त्याची मान आणि पोट पाहण्याची जबाबदारी आपण होऊन घेतली.

मंगळवारी, २५ तारखेला, थोरलीला पुरळ उठल्यापासून बरोबर चौदाव्या दिवशी, सकाळच्या तपासणीत त्याच्या कानामागे तीन लाल ठिपके सापडले. ताप नव्हता. दोन आठवडे रोजची पाच मिनिटे व्यर्थ जात आहेत असे ज्या मला वाटू लागले होते, त्याच मी त्याच्या अंगातून गणवेश काढला. सर्व मिळून चौदा ठिपके उठले आणि त्यांतील दोनच पाण्याने भरले. लशीमुळेही क्वचित असे थोडे पुरळ येते, त्यामुळे हे लशीचे की आजाराचे हे नुसते पाहून सांगता येणार नाही, परंतु काळजी दोन्हींत सारखीच घ्यायची, असे डॉक्टरांनी सांगितले. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. गुरुवारी शेवटचा नवा ठिपका दिसला, शनिवारी त्या दोन फोडांवर खपली आली, आणि सोमवारी, ३ मार्चला, तो बालवाडीत गेला. या वेळी दाखल्याचा मजकूर पहिल्याच खेपेला पूर्ण होता आणि कार्यालयात दहा मिनिटेही लागली नाहीत. त्याच्या तपासणीचे २०० रुपये धरून आमचा एकूण खर्च ३,४१५ रुपये झाला. माझे बिनपगारी तीन दिवस त्यांत धरलेले नाहीत.

३ तारखेलाच दुपारी मला एक फोन आला. थोरलीच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मुलीची आई बोलत होती. तिच्या मुलीला २६ तारखेला पुरळ उठले होते, म्हणजे १० तारखेच्या त्या सोमवारनंतर सोळाव्या दिवशी. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "अहो ताई, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? मी विचारायला फोन केलाय. आता ताप नाही, अंगावरचे सगळे वाळलेत. उद्या पाठवू का?"

मी विचारले, "डोकं उन्हात बघितलंत का?" नव्हते पाहिले. फोन चालू ठेवून ती मुलीला घेऊन अंगणात गेली. भांग पाडल्याचा, मुलीने कुरकुर केल्याचा आवाज ऐकू येत होता. मी तिला कानामागे, मानेवर केस संपतात तिथे, आणि मग पायांच्या बोटांत पाहायला सांगितले.

"एक आहे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "टाळूवर. ओला आहे."